अंगण व मांडव

अंगण व मांडव : घराच्या पुढील अथवा मागील बाजूस जोत्याला लागून तयार केलेली सपाट, चोपलेली व सारवलेली उघडी जागा म्हणजे अंगण आणि तिच्यावर मेढी रोवून घातलेले हलके, सपाट छत म्हणजे मांडव. ‘अंगण’ हा शब्द संस्कृत ‘अङ्गण’वरून व ‘मांडव’ हा ‘मण्डप’ या शब्दावरून आला आहे. कोकणच्या काही भागांत अंगणाला खळे असेही म्हणतात. धान्य मळण्याच्या जागेचेही तेच नाव असल्याने एकाच जागेचे दोन उपयोग त्यातून सूचित होतात. घराच्या भिंतींसाठी गवंडी व छपरासाठी सुतार लागतो. अंगण व मांडव ही कामे मात्र कुटुंबातील माणसे स्वतःच्या हातांनी, आसपास मिळणाऱ्या साहित्यातून करीत आली आहेत. या बांधकामाचे मुख्य वैशिष्ट्य असे, की ते टिकाऊ असावे अशी अपेक्षाच नसते. पावसाळा ते मोडतो व पावसाळा सरल्यावर ते पुन्हा उभे केले जाते. त्यामुळे बांधणी व निगा ही येथे दोन वेगळी कामे राहत नाहीत. प्रस्तुत नोंदीत रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पर्यंत कुलाबा) अंतर्भागातील महाड व पोलादपूर या तालुक्यांतील पद्धत मुख्यत्वे विचारात घेतली आहे.

प्रदेश व हवामान : महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूर व महाड यांवरून वाहत जाऊन बाणकोटजवळ अरबी समुद्रास मिळते. तिच्या व तिच्या उपनद्यांच्या काठी भातशेतीची सखल जमीन असून दोन्ही तालुक्यांचा बराच भाग सह्याद्रीच्या उतारांनी व डोंगरसोंडांनी व्यापलेला आहे. अनेक वाड्या या उतारांवरच वसलेल्या आहेत. खडक मुख्यतः बेसाल्ट असून त्याच्या विदारणातून मुरूम व तांबूस माती तयार होते. वार्षिक पर्जन्यमान ३,००० मिमी.हून अधिक असून त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे असतात.

हे आकडे अंगणाच्या मापात मांडले, तर त्यांचा अर्थ स्पष्ट होतो. सहा मी. लांब व चार मी. रुंद, म्हणजे २४ चौ. मी. अंगणावर एका पावसाळ्यात ७२,००० लिटरहून अधिक पाणी केवळ आकाशातून पडते. छपराच्या पागोळ्यांचे व वरच्या उतारावरून येणारे पाणी त्याहून निराळे. मातीची चोपलेली जमीन किंवा गवताचे छत यांपैकी काहीही इतका मारा सहन करू शकत नाही. म्हणून पावसाशी झुंज न देता त्याच्यापुरती माघार घ्यावी व कोरड्या आठ महिन्यांसाठी नवी मांडणी करावी, असा व्यवहार येथे रूढ झाला.

उपयोग : माजघर, ओटी व पडवी हे घराचे आतील भाग आकाराने बेताचे असल्याने कोरड्या ऋतूत घराचा बराचसा व्यवहार अंगणात चालतो. भात, नाचणी व वरी यांची झोडणी, वारवणी व वाळवण. उन्हाळ्यात पापड, कुरडया, आंबोशी, आमसुले व मिरच्या वाळत घालणे. सुगीची अवजारे दुरुस्त करणे, टोपल्या विणणे ही कामे अंगणात होतात. मांडवाच्या सावलीत दुपारची विश्रांती, पाहुण्यांची ऊठबस व चैत्र-वैशाखात रात्रीची झोप अशी सोय होते. मांडवाच्या वर गुरांसाठी पेंढा रचून ठेवतात; त्यामुळे तो जमिनीच्या ओलीपासून व वाळवीपासून दूर राहतो आणि खाली सावलीही दाट होते.

सामाजिक दृष्ट्या अंगण ही घराची सार्वजनिक बाजू होय. तुळशीवृंदावन अंगणात असते व कार्तिकातील तुळशीच्या विवाहापूर्वी अंगण तयार व्हावे, असा प्रघात आहे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, तेव्हा तिचे स्वागत अंगणात होते. गणेशोत्सवातील बाल्यांचा नाच, गोंधळ, भजन यांनाही हीच जागा लागते. लग्नाच्या मांडवाची पहिली मेढ शुभवेळी पूजा करून रोवतात. तिला मुहूर्तमेढ म्हणतात. कोणत्याही कार्याचा आरंभ करणे या अर्थी ‘मुहूर्तमेढ रोवणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच मराठीत रूढ झाला. ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हणही सर्वपरिचित आहे. अंगण सपाट राखणे हे घरधन्याचे काम आहे, हे तिच्यात गृहीत धरलेले आहे.

जागा व निचरा : सपाट प्रदेशात अंगणाची जागा घरामुळे आपोआप ठरते. उतारावर मात्र ती मिळवावी लागते. त्यासाठी दोन मार्ग आहेत. एक, वरच्या बाजूचा उतार कापून माती खालच्या बाजूस पसरणे. दुसरा, खालच्या कडेला दगडांचा गडगा रचून त्यामागे भराव घालणे. पहिला मार्ग सोपा वाटला, तरी त्याने घराच्या पाठीमागे उभी दरड तयार होते. मुरमाड व मातकट उतार कापल्यास वरच्या मातीचा आधार जातो. सततच्या पावसात माती पाण्याने फुगून जड होते, तिच्या कणांमधील घर्षण घटते आणि दरड सुटण्याचा संभव वाढतो. या भागात हा धोका केवळ कल्पनेतील नाही. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन व कोंडिवते येथे आणि २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये तसेच पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथे दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. एकट्या तळिये येथे ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या आपत्ती अतिवृष्टीमुळे व डोंगराच्या मोठ्या भागाच्या हालचालीमुळे घडल्या. अंगणासाठी केलेल्या छोट्या खोदकामाशी त्यांचा थेट संबंध जोडता येत नाही. तथापि अशा उतारांवर एखादा मीटर रुंदी वाढविण्यासाठी दरड कापणे अनिष्ट आहे, एवढा बोध त्यांतून घ्यावयास हवा. उतारावर जागा अपुरी असल्यास अंगण लहान ठेवणे किंवा ते दोन पायऱ्यांत विभागणे अधिक श्रेयस्कर होय. वरच्या उतारावर जमिनीला भेगा पडणे, झाडे किंवा खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे अथवा नव्या जागी फुटणे ही धोक्याची चिन्हे असून ती दिसताच घर सोडून सुरक्षित जागी जावे.

गडगा सुक्या दगडांचा, म्हणजे चुना वा सिमेंट न वापरता रचतात. दगडांमधील फटींतून भरावातील पाणी निघून जाते व गडग्यावर दाब येत नाही. त्याची रुंदी तळाशी जास्त व वर कमी ठेवून तोंड भरावाकडे किंचित झुकते ठेवतात. ठराविक अंतरावर लांब दगड आडवे घालून ते भरावात खोल नेले असता गडगा बांधला जातो. सिमेंटने सांधलेल्या भिंतीत पाणी जाण्यासाठी भोके न ठेवल्यास ती पहिल्याच पावसाळ्यात फुगते.

निचऱ्यासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात. वरच्या उतारावरून येणारे पाणी अंगणात शिरण्यापूर्वीच अडवून बाजूने वळविणारा चर. पागोळ्या जेथे पडतात त्या रेषेवर दगडांची फरसबंदी. आणि अंगणाला घरापासून बाहेरच्या बाजूस दिलेला हलका ढाळ. चार मी. रुंदीच्या अंगणास ८ ते १० सेंमी. ढाळ पुरतो. त्याहून अधिक दिल्यास वाहते पाणी माती धुऊन नेते व कमी दिल्यास पाणी जोत्याशी साचून भिंतीत ओल चढते.

अंगण करणे : पाऊस ओसरल्यानंतर आश्विन-कार्तिकात, जमीन पुरती कडक होण्यापूर्वी हे काम घेतात. प्रथम उगवलेले गवत मुळासकट काढून शेवाळ खरवडतात. मग कुदळीने वरचा १० ते १५ सेंमी.चा थर उकरून ढेकळे फोडतात व खडे वेचतात. पावसाने वाहून गेलेल्या मातीची भरपाई बारीक मुरूम व चिकण माती मिसळून करतात. केवळ चिकण माती वापरल्यास ती वाळताना तडकते व केवळ मुरूम वापरल्यास धूळ उडते. म्हणून दोहोंचे मिश्रण करणे योग्य असते.

माती पसरल्यावर तिच्यावर पाणी शिंपून ती एक रात्र मुरू देतात. चोपण्याच्या वेळी ओल बेताची असावी लागते. मूठभर माती आवळली असता तिचा गोळा व्हावा, पण तळहात ओला होऊ नये, ही त्याची परीक्षा होय. ओल कमी असल्यास कण एकमेकांत बसत नाहीत व जास्त असल्यास चोपण्याला माती चिकटते. सपाटीकरणासाठी दोन खुंट्यांमध्ये सुतळी ताणून तिच्या मापाने उंचवटे काढतात व खळगे भरतात. त्यानंतर चोपणे या जाड, सपाट फळीच्या साधनाने घराकडून बाहेरच्या कडेकडे क्रमाने चोपत जातात. हे काम एकट्यादुकट्याचे नसून शेजारची व भावकीतील माणसे आलटूनपालटून एकमेकांच्या अंगणात राबतात. श्रमाच्या अशा देवाणघेवाणीला सावड म्हणतात. एक-दोन दिवसांनी, अर्धवट वाळल्यावर, दुसऱ्यांदा चोपल्यास पहिल्या वेळच्या बारीक भेगा मिटतात.

शेवटी सारवण करतात. पहिला हात शेण व चिकण माती यांच्या दाट काल्याचा व पुढील हात शेणाच्या पातळ काल्याचे देतात. शेणातील न पचलेले तंतू मातीचे कण धरून ठेवतात. त्यामुळे धूळ उडत नाही व पृष्ठभाग सहजासहजी भेगाळत नाही. धान्य घालण्यापूर्वी नव्याने सारवले असता धान्यात माती व खडे मिसळत नाहीत. सारवणाचे काम पूर्वापार स्त्रियांकडे असून, आठवड्यातून एकदोनदा ओणवे राहून संपूर्ण अंगण सारवणे हे श्रमाचे काम आहे. अंगणाच्या खर्चाचा हिशोब पैशांत मांडताना हे श्रम सहसा धरले जात नाहीत.

मांडवाचे साहित्य : मेढींसाठी ऐन, किंजळ, जांभूळ, साग यांसारख्या टणक लाकडाचे सरळ, वरच्या टोकाला बेळके असलेले खांब उत्तम असतात. बेळक्यात आडवे लाकूड नुसते ठेवले तरी बसते; खिळा किंवा खाच यांची गरज पडत नाही. आडव्या लाकडांवर बांबूचे वासे, त्यांवर चिरलेल्या कामट्या व सर्वांत वर आच्छादन अशी रचना असते. किनाऱ्यालगतच्या गावांत आच्छादनासाठी नारळाच्या विणलेल्या झावळ्या वापरतात. महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागात नारळ कमी असल्याने डोंगरातील गवत, भाताचा पेंढा व पानांचे टहाळे यांवर भर असतो. बांधण्यासाठी काथ्या, वाखाची दोरी किंवा रानवेली वापरीत. अलीकडे नायलॉनची दोरी व तार सर्रास वापरतात. तार घट्ट पिळल्यास बांबूत रुतते व तो तेथेच चिरतो, हे ध्यानात ठेवावे.

बांबू तीन ते चार वर्षांचा, पक्व असावा. पक्व बांबूचा रंग फिकट पडतो व ठोकल्यावर टणत्कार उमटतो. बांबूला लागणारा भुंगा त्यातील पिष्ठावर जगतो. पावसाळ्यात नवे कोंब वाढत असताना बांबू तोडणे अयोग्य असते. हिवाळ्यात तोडलेला बांबू अधिक टिकतो. तोडलेले बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवल्यास पिष्ठ धुऊन जाते व भुंगा लागण्याचे प्रमाण घटते. हे शक्य नसेल, तर टाकणखार व बोरिक अम्ल यांच्या सु. ५ टक्के विद्रावात बांबू भिजवतात. हे क्षार पावसाने विरघळून जात असल्याने उघड्यावर कायम भिजणाऱ्या भागासाठी मात्र ही प्रक्रिया पुरेशी ठरत नाही. लाकडी खांबांची साल पूर्ण काढावी. सालीखाली कीड घर करते व ओल टिकून राहते.

मेढीचा सर्वांत दुर्बल भाग तिचे टोक अथवा मध्य नसून जमिनीलगतचा वीतभर भाग होय. जमिनीत खोलवर हवा कमी व जमिनीच्या वर ओल कमी, त्यामुळे या दोन्ही ठिकाणी कुज मंदावते. जमिनीच्या पातळीवर हवा व ओल दोन्ही मिळत असल्याने बुरशी वेगाने वाढते. म्हणून मेढीचा पुरला जाणारा भाग व त्यावरील सु. ३० सेंमी. भाग डांबराने माखतात. कोकणात काजूच्या टरफलांपासून निघणारे तेलही या कामी वापरतात. ते कातडीला लागल्यास फोड येतात. म्हणून हाताळताना काळजी घ्यावी लागते.

खाजगी मालकीच्या जमिनीतील झाडांनाही वृक्षतोडीचे निर्बंध लागू आहेत. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये साग, ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, फणस इ. अनुसूचित झाडे तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. बांबूला भारतीय वन अधिनियमातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून २०१७ च्या दुरुस्तीने वगळण्यात आल्याने वनक्षेत्राबाहेर लावलेल्या बांबूची तोड सुकर झाली आहे.

उभारणी : सहा मी. × चार मी. मापाच्या अंगणावर दोन मी. अंतराने मेढी रोवल्यास लांबीत चार व रुंदीत तीन, अशा एकूण १२ मेढी लागतात. प्रत्येक मेढीसाठी ४५ ते ६० सेंमी. खोल खड्डा घेऊन तळाशी सपाट दगड ठेवतात. मेढ ओळंब्याने सरळ करून भोवती दगड व मुरूम थराथराने ठोकून बसवतात. नुसती भुसभुशीत माती लोटल्यास मेढ हलते. उतारावर थोड्याच खोलीवर खडक लागतो. अशा ठिकाणी जाड दगडात उखळीसारखा खळगा करून त्यात मेढ उभी करतात व तिरक्या टेकूंनी ती स्थिर करतात.

प्रथम चार कोपऱ्यांच्या मेढी रोवून त्यांच्या माथ्यांमध्ये सुतळी ताणावी व तिच्या मापाने मधल्या मेढी बसवाव्यात. जमिनीपासून माथ्याची उंची २.१ ते २.४ मी. ठेवतात. मांडव सपाट दिसत असला, तरी वळवाच्या सरीचे पाणी निघून जावे म्हणून घराकडील बाजूपेक्षा बाहेरची बाजू सु. १० सेंमी. खाली घेणे इष्ट असते. मांडवाचे आडवे लाकूड घराच्या वळचणीवर टेकवू नये. वाऱ्याने मांडव हलला, की कौले सरकतात. वासे ५० ते ६० सेंमी. अंतरावर टाकून प्रत्येक छेदावर बांधतात. कोपऱ्यांत मेढ व आडवे लाकूड यांमध्ये तिरका दांडा बांधल्यास चौकट कलत नाही. वर पेंढा रचावयाचा असल्यास त्याचे वजन आधीच विचारात घ्यावे. वळवाच्या पावसात भिजलेला पेंढा कोरड्या पेंढ्याच्या कितीतरी पट जड होतो.

आच्छादन सुके व ज्वलनशील असल्याने मांडवाखाली चूल पेटवू नये. लग्नकार्याचा स्वयंपाक वाऱ्याची दिशा पाहून मांडवाबाहेर करतात. विजेच्या तारा उघड्या सांध्यांसह मांडवातून नेणे धोक्याचे असते.

वर्षभराची निगा : अंगणाची निगा दैनंदिन झाडलोट, आठवड्याचे सारवण व फुटलेल्या कडांची डागडुजी अशा तीन पातळ्यांवर चालते. खळगा पडताच तो भरून चोपावा. तेथे पाणी साचू दिल्यास खळगा वाढत जातो. मांडवाचे बंध दर महिन्यास तपासून सैल झालेले पुन्हा आवळतात. मेढींवर मातीच्या नळ्या दिसल्यास वाळवी चढत आहे असे समजून त्या मोडून काढतात व बुंध्याशी पुन्हा डांबर किंवा तेल लावतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, मांडव उतरवतात. चांगला पेंढा गोठ्याच्या माळ्यावर जातो; कुजलेले गवत व पाने शेणखताच्या खड्ड्यात टाकतात. शाबूत वासे व कामट्या पडवीच्या आढ्याखाली आडव्या बांधून धुरात ठेवतात. धुरामुळे कीड दूर राहते. काही कामट्यांचे कुड करून पडवीच्या उघड्या बाजूस लावतात व पावसाची झड अडवतात. मेढी काढून ठेवता येतात. परंतु अनेक घरी सांगाडा तसाच ठेवून त्यावर पडवळ, दोडका, कारली, काकडी यांचे वेल चढवतात. अशा रीतीने मांडवाची सावली कोरड्या ऋतूत माणसांना, तर पावसाळ्यात त्याचा सांगाडा वेलांना उपयोगी पडतो. पावसाळ्यात अंगणातून जाण्यायेण्यासाठी सपाट दगडांची पायवाट टाकतात आणि चर गाळाने व पाल्याने बुजणार नाहीत याकडे लक्ष देतात. चर साफ ठेवणे हे पावसाळ्यातील एकमेव, परंतु सर्वांत महत्त्वाचे काम होय.

लाकडी माच : तीव्र उतारावर जमीन कापण्याऐवजी खांबांवर फळ्यांची माच उभारून सपाट जागा मिळविता येते. शेतराखणीचा माळा हे तिचे साधे रूप होय. जपानी घरांच्या कडेने जाणारी ‘एन्गावा’ ही लाकडी ओसरी याच वर्गात मोडते. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर घरामागे अशी माच स्वतः बांधण्याची प्रथा फार वाढली. तिच्या प्रसारास दाबाखाली रसायने भरलेले, न कुजणारे स्वस्त लाकूड कारणीभूत झाले. ताम्र, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या संयुगांनी लाकूड टिकविण्याची ही पद्धत सोंटी कामेसन या भारतीय शास्त्रज्ञांनी देहरादून येथील वनसंशोधन संस्थेत १९३३ मध्ये शोधून काढली होती. आर्सेनिकाच्या विषारीपणामुळे २००३ च्या अखेरीपासून अमेरिकेत घरगुती वापराच्या बहुतेक लाकडांसाठी तिचा उपयोग थांबविण्यात आला. असे जुने लाकूड जाळणे अथवा त्याचा भुसा धान्याजवळ येऊ देणे घातक आहे.

कोकणच्या पावसात माच बांधताना खांब जमिनीत न पुरता दगडी किंवा काँक्रीटच्या उंच बैठकीवर ठेवावेत. फळ्यांखाली निदान ४५ सेंमी. मोकळी जागा असावी, म्हणजे हवा खेळते. आडवी लाकडे ४० ते ५० सेंमी. अंतरावर व फळ्यांमध्ये ५ ते ६ मिमी. फट ठेवतात. फळ्यांच्या कापलेल्या टोकांतून पाणी सर्वाधिक शोषले जात असल्याने टोके तेल किंवा रंग लावून बंद करतात. खिळे व बोल्ट जस्तलेपित असावेत. माणसांची दाटी होण्याचा संभव लक्षात घेऊन दर चौ. मी.स निदान ३०० किग्रॅ. भार पेलेल अशी रचना करतात. जमिनीपासून उंच असलेल्या माचीस कठडा आवश्यक असतो. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी तेलाचा हात देणे व पावसाळ्यानंतर शेवाळ घासून काढून सांध्यांत टोच्या खुपसून कुज तपासणे ही तिची निगा होय. लाकूड मऊ लागल्यास तो भाग वरून न रंगविता बदलावा. दुर्लक्ष झालेले मातीचे अंगण फार तर खडबडीत होते. दुर्लक्षित माच मात्र एकाएकी कोसळते.

बदलते स्वरूप : विसाव्या शतकात या तालुक्यांतील पुरुषवर्ग मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या गिरण्यांत व इतर नोकऱ्यांत गेला. हे चाकरमानी शिमगा, गणेशोत्सव व उन्हाळ्याची सुटी यांसाठी गावी येत आणि मांडव घालण्यासारख्या जड कामांना त्यांचे हात मिळत. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर काहीजण परतले. परंतु पुढील पिढ्या मुंबई, ठाणे, पुणे यांकडे कुटुंबासह स्थायिक होत गेल्या. गावात वृद्ध माणसे उरली, गुरांची संख्या रोडावल्याने शेण दुर्मिळ झाले व यंत्राने मळणी होऊ लागल्याने अंगणाचे मूळ प्रयोजनही क्षीण झाले. परिणामी सिमेंटचा कोबा, फरशी व लोखंडी सांगाड्यावरील पत्रे यांचा प्रसार झाला.

हा बदल केवळ ऱ्हास म्हणून पाहणे योग्य नव्हे. कोब्यामुळे स्त्रियांचे सारवणाचे श्रम वाचले, चिखल गेला व पत्र्यामुळे पावसाळ्यातही अंगण वापरता येऊ लागले. त्याचे तोटेही स्पष्ट आहेत. कोब्यात पाणी मुरत नाही, त्यामुळे ते सर्व खालच्या घराकडे किंवा गडग्याकडे वेगाने वाहते. कोबा व पत्रे उन्हात तापतात. आणि नीट न जखडलेले पत्रे वादळात उडतात. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळात जिल्ह्यातील असंख्य घरांवरील पत्रे व कौले उडाली. उडालेला पेंढा शेतात पडतो, उडालेला पत्रा जीव घेऊ शकतो. म्हणून पत्रे आकड्यांच्या बोल्टने सांगाड्यास व सांगाडा पायास पक्का जखडणे अत्यावश्यक असते. व्यवहारात घराजवळचा पट्टा कोब्याचा, उरलेले अंगण मातीचे व बाहेरच्या कडेला पाणी मुरण्यासाठी दगडगोट्यांचा चर, अशी मिश्र रचना सोयीची ठरते.

जुन्या पद्धतीतील साहित्य क्षणभंगुर असले, तरी तिच्यातून दर वर्षी जमिनीची पाहणी होत असे. गवत काढताना भेग दिसे, चर साफ करताना नवा झरा लक्षात येई, गडग्याचा फुगवटा हाताला लागे. पक्क्या बांधकामाने ही वार्षिक पाहणी अनावश्यक वाटू लागते. उतारावरील वस्तीला मात्र तिची गरज पूर्वीइतकीच आहे. अंगण मातीचे असो वा सिमेंटचे, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर त्याची, त्यावरील मांडवाची, गडग्याची आणि घरामागील उताराची पाहणी करणे हा या विषयातील सर्वांत कमी खर्चाचा व सर्वांत मोलाचा भाग होय.